ताटातले पथ्य आणि चमच्यातले औषध

मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉईडचे विकार, मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदयविकार आणि दमा यांना वैद्यकशास्त्र दीर्घकालीन आजार म्हणते, कारण आठ-पंधरा दिवसांच्या औषधाने ते संपत नाहीत. ते आटोक्यात ठेवावे लागतात आणि त्या कामाचा मोठा वाटा घरच्या स्वयंपाकघरावर येतो. आयसीएमआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. शहरांत मधुमेहाचे आणि उच्च रक्तदाबाचे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त आढळले, आणि दिल्ली व तिला लागून वाढलेली गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद ही शहरे याला अपवाद मानण्याचे काही कारण नाही.

या परिसरातील मराठी कुटुंबाची स्थिती थोडी वेगळी असते. पहाडगंज, करोल बाग या जुन्या वस्त्यांतून पुढे यमुनापार आणि नोएडापर्यंत पसरलेल्या या घरांत दोन आहारपद्धती एकत्र नांदतात: एका बाजूला वरण-भात, उसळ, भाकरी आणि दुसऱ्या बाजूला पराठे, छोले-भटुरे, राजमा-चावल. औषधी सल्लेही दोन परंपरांतून येतात, कारण आजीबाईच्या बटव्यात शेजारच्या घरातले ‘देसी नुस्खे’ येऊन मिसळतात, फतेहपुरी मशिदीजवळच्या खारी बावलीच्या बाजारात हवी ती जडीबुटी मिळते आणि उरलेले काम मोबाइलवर येणाऱ्या चित्रफिती करतात. अशा घरात दीर्घ आजार आला की सल्ल्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. तुटवडा पडतो तो मात्रेच्या विचाराचा. मात्रा म्हणजे किती, केव्हा, कोणी आणि कशाबरोबर घ्यावे याचा हिशेब. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ असे आहे, म्हणजे प्रमाणात खाणे हा विषय आयुर्वेदाने या ग्रंथाच्या आरंभीच स्वतंत्रपणे हाताळला आहे. घरगुती उपायांना परंपरेचा आधार सांगणारे लोक नेमकी हीच बाजू सोडून देतात.

ताटाची फेरमांडणी

मधुमेहात पहिला प्रश्न धान्याचा येतो. पिष्टमय पदार्थ, म्हणजे धान्ये, कंद आणि साखर, पचल्यावर ग्लुकोजमध्ये बदलतात आणि रक्तशर्करा, म्हणजे रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण, वाढवतात. पदार्थ ही वाढ किती वेगाने घडवतो हे मोजण्यासाठी टोरांटो येथील संशोधकांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक निर्देशांक ही संकल्पना मांडली. तेव्हापासून ‘गहू बंद, ज्वारी सुरू’ अशा स्वरूपाचे सल्ले लोकप्रिय झाले आहेत आणि दिल्लीतील मराठी घरांना ते विशेष आवडतात, कारण त्या निमित्ताने भाकरी पुन्हा ताटात येते. भाकरी यावीच, तिच्यात चोथा, म्हणजे न पचणारे तंतुमय द्रव्य, मैद्याच्या भटुऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असते. परंतु वर उल्लेखिलेल्या पाहणीतूनच निघालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक निष्कर्षांनी या उत्साहाला मर्यादा घातली आहे. भारतीयांच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, आणि एकूण पिष्ट तेवढेच ठेवून केवळ मैदा-तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टातला थोडा भाग कमी करून त्या जागी डाळी, कडधान्ये किंवा दुधाचे प्रथिन आणल्यास मात्र धोका कमी असल्याचे दिसले. दोन पोळ्यांच्या जागी दोन मोठ्या भाकऱ्या खाणाऱ्याने धान्य बदलले, पण मात्रा बदलली नाही, असा याचा अर्थ होतो.

म्हणून ताटाची मांडणीच बदलणे अधिक उपयोगी ठरते. ताटाचा अर्धा भाग पिष्ट कमी असलेल्या भाज्या आणि कोशिंबिरीने भरावा, पाव भाग उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडी किंवा मासे यांना द्यावा आणि उरलेल्या पाव भागातच पोळी, भाकरी किंवा भात बसवावा. भात आणि पोळी दोन्ही घेण्याची मराठी सवय असेल, तर दोन्ही मिळून त्या पाव भागातच मावले पाहिजे. जेवणाचा आरंभ कोशिंबीर आणि उसळीने करून धान्य शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची शर्करा कमी उसळते, असे अनेक छोट्या प्रयोगांत आढळले आहे; या उपायाला खर्च नाही आणि त्यापासून अपायही नाही, त्यामुळे तो करून पाहण्यास हरकत नसावी. बटाटा, रताळे आणि अरबी हे कंद भाज्यांच्या दुकानात मिळत असले, तरी पिष्टाच्या हिशेबात त्यांची गणना धान्यातच करावी लागते. आलू-पराठा या हिशेबाने धान्यात भरलेले धान्य ठरतो.

कोणता पदार्थ आपल्याला किती मानवतो हे ठरवण्यासाठी घरातील ग्लुकोमीटर हे कोणत्याही तक्त्यापेक्षा भरवशाचे साधन आहे. जेवणापूर्वी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी शर्करा मोजून दोन्ही आकडे आणि ताटातील पदार्थ वहीत लिहिल्यास थोड्याच आठवड्यांत ज्याचा त्याचा तक्ता तयार होतो. एकाला राजमा-चावल चालतो आणि दुसऱ्याला पोह्यांनी शर्करा चढते, असे त्यातून दिसू शकते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी एकूण दिशा दाखवते, पण चूक कोणत्या जेवणात होते हे ती सांगत नाही.

शाकाहारी मधुमेहींनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मेटफॉर्मिन हे औषध अनेक वर्षे घेतल्यास शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज अन्नातच मिळत असल्याने दूध-दही हाच शाकाहारी माणसाचा आधार असतो. हातापायांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा ही लक्षणे मधुमेहाचीच आहेत असे गृहीत न धरता ब-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

रक्तदाबाच्या बाबतीत केंद्रस्थानी मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट लहान चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनाही मीठ मर्यादित ठेवण्यास सांगतात. या चमच्यात भाजीतले मीठ जसे मोजायचे, तसेच लोणचे, पापड, फरसाण, ब्रेड, चीज, चाट मसाला आणि पाकीटबंद नूडल्स यांतलेही मोजायचे असते. दिल्लीत फळांवर, ताकावर, शिकंजीवर आणि जलजिऱ्यात काळे मीठ टाकण्याची पद्धत असल्याने एकाच दिवसात मीठ पाच-सहा ठिकाणांहून येते. काळे मीठ व सैंधव ‘हलके’ असते, ही समजूत चुकीची आहे. दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते आणि रक्तदाब वाढवण्याचे काम सोडियम करते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या आहारप्रयोगात भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ वाढवल्याने रक्तदाब उतरल्याचे दिसले. त्याची मराठी आवृत्ती दिल्लीत उभी करणे अवघड नाही. सफलच्या दुकानांत आणि मोहल्ल्यांच्या साप्ताहिक बाजारांत ऋतूची भाजी स्वस्त मिळते, टोन्ड दूध सर्वत्र मिळते आणि कोशिंबिरीत मिठाऐवजी लिंबू, जिरेपूड, कोथिंबीर व थोडे दाण्याचे कूट घातल्यास ती बेचव लागत नाही.

जिथे चांगला सल्ला उलटा पडतो

आतापर्यंत सांगितलेले बरेचसे पथ्य मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरते आणि दीर्घकाळच्या मधुमेहातून व रक्तदाबातून पुढे हाच विकार उद्भवत असल्याने एकाच रुग्णाचे पथ्य काही वर्षांनी उलटते, ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या लक्षात उशिरा येते. निरोगी मूत्रपिंड शरीरातील जादा पोटॅशियम बाहेर टाकते; ते दुर्बळ झाले की हे खनिज रक्तात साठते आणि प्रमाण फार वाढल्यास हृदयाची लय अचानक बिघडू शकते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची व हृदयविकाराची नेहमीची औषधेही पोटॅशियम वाढवतात. अशा रुग्णाला नारळपाणी, केळी, संत्र्याचा रस, टोमॅटोचे सूप, पालकाचा रस यांसारखे ‘आरोग्यदायी’ मानले जाणारे पदार्थ विचारल्याशिवाय देऊ नयेत. रक्तातील पोटॅशियम प्रत्यक्ष वाढलेले असल्यास बटाटा व भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यावे. या रीतीने बरेच पोटॅशियम निघून जाते.

बाजारात ‘लो सोडियम’ नावाने मिळणाऱ्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये सामान्य प्रौढांसाठी अशा मिठाची शिफारस केली, परंतु मूत्रपिंडविकार असलेल्यांना, गर्भवतींना आणि मुलांना त्यातून वगळले. एकाच घरात सासऱ्यांना रक्तदाब आणि सासूबाईंना मूत्रपिंडाचा विकार असेल, तर एकाच डब्यातले मीठ एकाला उपकारक आणि दुसऱ्याला घातक ठरते. अशा घरात हे मीठ आणूच नये, कारण घाईच्या वेळी कोणता डबा कोणाचा हे कोणी पाहत नाही.

दिल्लीच्या हिवाळ्यात एक विशेष धोका रस्त्यावरच असतो. भाजलेल्या रताळ्याची चाट, म्हणजे ‘शकरकंदी’, विकणाऱ्या हातगाड्यांवर कमरख नावाचे आंबट, पाच कंगोऱ्यांचे आणि आडवे कापल्यावर ताऱ्यासारखे दिसणारे फळ तिखट-मीठ लावून मिळते. या फळात ऑक्झलेट आणि कॅरॅम्बॉक्सिन नावाचे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे द्रव्य असते. निरोगी माणूस ते मूत्रावाटे बाहेर टाकतो; मूत्रपिंड निकामी होत आलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसात मात्र थोड्याशा फळानेही न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके आणि प्रसंगी मृत्यू ओढवल्याची नोंद जगभरातील वैद्यकीय नियतकालिकांत आहे. मूत्रपिंडविकार असलेल्याने कमरख चाखूनही पाहू नये.

प्रथिनांबाबतही घरोघरी गोंधळ दिसतो. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला सामान्यतः शरीराच्या दर किलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅम इतके मर्यादित प्रथिन सुचवले जाते, तर डायलिसिस सुरू झाल्यावर ते वाढवून १ ते १.२ ग्रॅम करावे लागते, कारण त्या प्रक्रियेत प्रथिनांचा ऱ्हास होतो. ‘किडनीचा आजार म्हणजे डाळ बंद’ हे सूत्र डायलिसिसनंतरही पाळत राहिल्याने रुग्ण खंगत जातो. हे आकडे येथे केवळ दिशा कळावी म्हणून दिले आहेत. प्रत्येकाचे प्रमाण तपासण्या पाहून आहारतज्ज्ञानेच ठरवायचे असते.

घरगुती उपाय: दुधीच्या रसाची गोष्ट

घरगुती उपाय निरुपद्रवी असतात, या समजुतीची सर्वांत कठोर परीक्षा दिल्लीतच झाली आहे. २०१० च्या उन्हाळ्यात येथील एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा रस एकत्र करून प्यायल्यानंतर मृत्यू झाला आणि तोच रस घेतलेल्या त्यांच्या पत्नीलाही रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काकडी, दुधी, कारले, दोडका यांच्या कुळातील वनस्पती कुकुर्बिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये तयार करू शकतात. लागवडीच्या जातींत ती सहसा नगण्य असतात, पण एखाद्या फळात त्यांचे प्रमाण फार वाढते. असा रस पोटात गेल्यास उलट्या, जुलाब, आतड्यांतून रक्तस्राव आणि रक्तदाब एकदम घसरणे अशी लक्षणे उद्भवतात आणि यावर कोणताही प्रतिविषाचा उपाय उपलब्ध नाही. लक्षणांवरच उपचार करावे लागतात.

समितीने दिलेल्या सूचना दुधीचा रस पिणाऱ्या प्रत्येक घराने पाळाव्यात. रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहावा आणि तो कडू लागला तर दुधी फेकून द्यावा. रसात दुसऱ्या भाजीचा रस मिसळू नये, आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा अस्वस्थता जाणवल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. यांपैकी दुसरी सूचना सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. कारल्याचा कडूपणा दुधीचा कडूपणा झाकून टाकतो आणि ‘कडू तेवढे गुणकारी’ या श्रद्धेने माणूस पेला रिकामा करतो. शिजवलेल्या दुधीच्या भाजीत ही अडचण क्वचितच येते, कारण कडू भाजीचा पहिला घास कोणीही गिळत नाही. मधुमेहात दुधी हितकर आहे, पण तो भाजीच्या रूपात. त्याचा रस काढल्याने चोथा वाया जातो आणि धोका मात्र उरतो. कडू दुधीची भाजी केल्यासही ती पोळीबरोबर ‘संपवून टाकू’ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु मराठी घरांतील काटकसर लक्षात घेता सांगितलेले बरे.

मेथीदाण्यांची कथा याहून सौम्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मेथीच्या, स्निग्धांश काढलेल्या पुडीने मधुमेहींची शर्करा कमी झाल्याचे दाखवले. या परिणामाचे श्रेय मेथीतील पाण्यात फुगणाऱ्या तंतुमय द्रव्याला दिले जाते. या प्रयोगातील मात्रा मात्र दिवसाला १०० ग्रॅम होती आणि ती जेवणातून दिली गेली होती. रात्री भिजवलेल्या चमचाभर दाण्यांचे पाणी पिऊन दाणे फेकून देणारा माणूस त्या संशोधनाचा दाखला देतो, तेव्हा तो वेगळ्याच वस्तूविषयी बोलत असतो. भिजवलेली मेथी चावून खाण्यास किंवा थालीपिठात घालण्यास हरकत नाही. ती गोळीची जागा घेऊ शकत नाही, आणि गोळीबरोबर एकाच वेळी घेतल्यास तिचा चिकट चोथा औषधाचे शोषण कमी करू शकतो.

सकाळचे रिकामे पोट ही घरगुती उपायांमध्ये सर्वाधिक मागणी असलेली जागा आहे. मेथीचे पाणी, लिंबू-मध, आवळ्याचा रस, काढा आणि तुळशीची पाने या सगळ्यांना तीच वेळ हवी असते. पण थायरॉईडची थायरॉक्सिन ही गोळीही रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, आणि चहा-कॉफी, सोयाबीन, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांमुळे तिचे शोषण घटते; लोह व कॅल्शियम तर चार तासांच्या अंतराने घ्यावे. अनेकांचे थायरॉईडचे आकडे वर्षानुवर्षे वर-खाली होण्यामागे मात्रा चुकण्यापेक्षा ही गर्दीच कारणीभूत असते. पहिला मान गोळीचा, बाकी सर्व न्याहारीनंतर, असा नियम केल्यास प्रश्न सुटतो.

करोनाकाळात गुळवेल, हिंदीत गिलोय, घरोघर पोचली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष देण्यास हरकत घेतली आणि दिसायला तिच्यासारख्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाल्याची शक्यता मांडली. वाद विद्वानांनी मिटवावा. सामान्य रुग्णासाठी दोन्ही बाजूंचा निष्कर्ष एकच निघतो, की नाक्यावरच्या झाडावरून तोडलेली, ओळख न पटलेली वेल उकळून महिनोन्‌महिने पिऊ नये आणि यकृताचा किंवा स्वप्रतिकार विकार, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार, असेल तर गुळवेलीपासून दूर राहावे. जनपथावर दुतर्फा उभ्या असलेल्या अर्जुनवृक्षांची साल सोलून नेणारेही दिसतात. हृदयविकाराचा रुग्ण अशा सालीच्या काढ्यासाठी गोळ्या थांबवत असेल, तर झाड आणि माणूस दोघांचेही नुकसान होते.

ऋतूंनुसार दिल्ली

दिवाळीच्या सुमारास हवेतील सूक्ष्म धूलिकण वाढू लागले की दिल्लीत गूळ खाण्याचा सल्ला फिरू लागतो. त्यामागे लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातील १९९४ चा एक प्रयोग सांगितला जातो, ज्यात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कोळशाचे व सिलिकाचे कण अधिक वेगाने हलल्याचे आढळले होते. उंदरांवरील त्या एका प्रयोगावरून दिल्लीकरांची फुप्फुसे गुळाने स्वच्छ होतात असे म्हणता येत नाही, आणि गूळ, गजक व रेवडी यांनी मधुमेहीची शर्करा मात्र खात्रीने वाढते. घशाच्या खवखवीसाठी याच दिवसांत ज्येष्ठमध, म्हणजे मुलेठी, चघळली जाते किंवा काढ्यात उकळली जाते. तिच्यातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य शरीरात मीठ व पाणी साठवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. एखाद-दुसऱ्या दिवशी चघळलेल्या काडीने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाने मात्र आठवडेच्या आठवडे रोज ज्येष्ठमधाचा काढा घेऊ नये. त्याऐवजी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि ते पाणी थुंकून टाकावे. दमेकऱ्याने हवा वाईट असताना पहाटेचे फिरणे सोडून घरातच चालावे. फवाऱ्याचे औषध कोणत्याही काढ्यासाठी थांबवू नये.

हिवाळ्याची चांगली बाजू म्हणजे भाज्या. बथुआ, मोहरीची पाने, मेथी, पालक, चुका, मुळा, गाजर यांनी बाजार भरून जातो आणि सरसों दा साग मराठी घरांतही रुळला आहे. वॉरफेरिन किंवा असिनोकूमारोल ही रक्त गोठणे रोखणारी औषधे घेणाऱ्यांना मात्र येथे जपावे लागते, कारण पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. अशा रुग्णाने पालेभाज्या वर्ज्य करण्याची गरज नाही. उन्हाळ्यात क्वचित आणि डिसेंबरात रोज वाडगाभर, असा चढउतार टाळून वर्षभर साधारण सारखे प्रमाण ठेवावे आणि ऋतू बदलताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्यास लागणारा वेळ दाखवणारी तपासणी, करून घ्यावी.

मे-जूनमध्ये तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा प्रश्न उलटा होतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी लवकर घटते. उलट्या-जुलाब सुरू असल्यास किंवा खाणे बंद झाल्यास यांतील कोणती औषधे तात्पुरती थांबवायची हे डॉक्टरांकडून उन्हाळ्यापूर्वीच लिहून घ्यावे. साखर घातलेली शिकंजी, सरबते व उसाचा रस यांऐवजी पातळ ताक, साखर-गूळ न घातलेले कैरीचे पन्हे आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचा, म्हणजे सत्तूचा, बेताचे मीठ घातलेला घोळ मधुमेहीला मानवतो. हृदय वा मूत्रपिंड दुर्बळ असलेल्यांनी मात्र एकूण पाण्याची मर्यादा विचारून घ्यावी. न उघडलेले इन्सुलिन शीतपेटीत २ ते ८ अंशांवर ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे ३० अंशांखाली राहिली पाहिजे, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान त्याहून जास्त असल्याने तीही शीतपेटीच्या दारात किंवा वीज गेल्यास ओल्या माठात कोरड्या डब्यात घालून ठेवावी.

उपवासांचा विचार नवरात्रापूर्वी करावा लागतो. मराठी उपवासातील साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. त्याऐवजी वरई, राजगिरा, दही, शेंगदाणे आणि भाजी असा मेळ बरा. दिल्लीत उपवासाला खाल्ले जाणारे कुट्टूचे पीठ लवकर खराब होते. ते खाल्ल्यावर लोक मोठ्या संख्येने आजारी पडल्याच्या घटना येथे २०११ च्या चैत्र आणि २०२५ च्या शारदीय नवरात्रात घडल्या, म्हणून ते सुटे घेऊ नये व जुने वापरू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने मात्रा बदलून घेतल्याशिवाय उपवास करू नये. घाम, थरथर, धडधड जाणवून शर्करा ७० च्या खाली गेल्यास तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज पडल्यास तेच पुन्हा करावे. पेढा किंवा चॉकलेट यासाठी निरुपयोगी आहे, कारण त्यातील स्निग्धांश साखरेचे शोषण लांबवतो. अशा वेळी उपवास मोडला म्हणून हळहळणाऱ्या वडीलधाऱ्यांना आधीच समजावून ठेवावे.

डॉक्टरांसमोर

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. त्यामुळे घरी घेतले जाणारे काढे, चूर्णे, रस आणि पूरक गोळ्या यांची यादी, प्रमाण आणि वेळेसह, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून नेणे हिताचे ठरते. ओवा तेथे अजवायन असतो, जवस अलसी आणि दुधी घिया किंवा लौकी. आयुर्वेदाचाच उपचार घ्यायचा असेल, तर तो नोंदणीकृत वैद्याकडून, उदाहरणार्थ सरिता विहार येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत, घ्यावा आणि दोन्हीकडच्या चिकित्सकांना एकमेकांची औषधे ठाऊक असावीत. मधुमेह किंवा रक्तदाब ‘मुळापासून बरा’ करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती १९५४ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहेत, तरीही त्या भिंतींवर व पडद्यावर दिसतात. अशी हमी हेच ती वस्तू न घेण्याचे पुरेसे कारण मानावे. लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा शिसे-पाऱ्यासारखे जड धातू आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात अनेक आहेत आणि सांधेदुखीवर दोन दिवसांत मिळणारा चमत्कारिक आराम बहुधा स्टेरॉइडचाच असतो.

औषधाचा किंवा औषधी वनस्पतीचा दुष्परिणाम झाल्याचा संशय आल्यास ती घेणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे; डॉक्टरांनी लिहून दिलेली नियमित औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत. रुग्णाला स्वतःही तक्रार नोंदवता येते. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग देशभरातील अशा नोंदी गोळा करतो आणि त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे, तर आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी व होमिओपॅथी औषधांच्या नोंदींचे राष्ट्रीय समन्वय केंद्र वर उल्लेखिलेल्या सरिता विहारच्या संस्थेत आहे. नोंद करताना औषधाचे नाव, बॅच क्रमांक, घेतलेली मात्रा आणि किती दिवस घेतले हे विचारले जाते, म्हणून बाटली, वेष्टन आणि उरलेले चूर्ण फेकून न देता जपून ठेवावे.